कनकीचा ट्रक

बाबा, तुम्ही गेल्यावर राईस मिलमध्ये तुमच्या जागी मीच उभा राहिलो. सिंदेवाहीच्या रस्त्यावरची तीच मिल, मालक मात्र आता जुन्या मालकांचा मुलगा. तुम्ही मला पहिल्यांदा मशीनला हात लावू दिलात तो दिवस आठवतो. मी रबरी रोल जास्त आवळले आणि चाळणीखाली कनकी, म्हणजे तुटका तांदूळ, पडू लागली. तुम्ही मशीन बंद केलीत आणि चार माणसांसमोर म्हणालात, "दाणा तोडाले अक्कल लागत नाई." रागानं मी त्या दिवशी जेवलो नाही. तरी जी थोडी कनकी पडायचीच तिचा तुम्ही कधी हिशोब केला नाहीत. मागच्या दारी बायका बसायच्या, तांदूळ पाखडून द्यायच्या, आवार झाडायच्या, आणि संध्याकाळी कनकी त्यांची. कोणी तोलत नसे. आपल्या घरीही आई तिचीच पेज करायची, उरली तर कोंबड्यांना.

आता कनकीला ट्रक येतो. तिच्यापासून इथेनॉल करतात आणि पेट्रोलमध्ये मिसळतात. मालक म्हणतात, धूर कमी होतो, बाहेरच्या देशातून तेल कमी आणावं लागतं. खोटं नसेल, माझ्या गाडीतही तेच पेट्रोल आहे. फक्त इथेनॉलच्या कारखान्याखालच्या नाल्यावर हल्ली कोणी गुरं पाण्याला नेत नाही. परवा रोल सैल करायला मी मशीन थांबवली, तर मालक हसून म्हणाले, "राहू दे ना भाऊ, तुटला तरी ट्रक नेतेच." मी रोल तसेच ठेवून मशीन सुरू केली. तुमची आठवण येऊन इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मागच्या दाराला आता कुलूप असतं. गेल्या आठवड्यात आत्या आली. तुमची ही बहीण उभा जन्म त्या दाराशी पाखडत बसली. पोरगा तिकडे तेलंगणात कामाला, रेशनचा तांदूळ महिनाभर पुरत नाही. टोपलं घेऊन ती पुढच्या दाराशी उभी होती, आणि मालक तिथंच बसले होते म्हणून मी तिला आतसुद्धा बोलावलं नाही.

"काऊन रे, आपल्याले नाई का आता?"

सगळी ट्रकात जाते, म्हणालो.

"मंग मी कुठी जाऊ?"

पुढच्या गावच्या मिलवर पाहा, असं मी सांगितलं. भावाचं पोरगं खरंच सांगत असेल, असं समजून ती भर उन्हात चालत गेली. आत्याला सांगायची हिंमत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. तिथली कनकीही त्याच ट्रकात जाते, बाबा, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं.