बुधवारी बंद

सर, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी काही लिहिलं की तुमचा प्रश्न कानावर येतोच: "स्वतः जाऊन पाहिलंस, की चहा पिता पिता सुचलं?" बारावी नापास मुद्रितशोधकाला तुम्ही पेपरात शहराच्या पानावर बसवलंत. बाकीचं मी माझं मी शिकलो, हे आजही ठणकावून सांगतो. एकदा खडकवासल्यातून किती पाणी सोडलं तो आकडा माझ्याकडून चुकला, तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर, त्याच जागी तुम्ही दुरुस्ती लावलीत. मी म्हटलं, खाली कोपऱ्यात चालेल की. तुम्ही म्हणालात, "चूक मधोमध आणि माफी कोपऱ्यात? वा!"

आता माझा ब्लॉग आहे. मंडईतल्या जुन्या गाळ्यांवर लिहितो, प्रत्येक गाळ्यापुढे उभं राहून. गेल्या वर्षी आपल्याच पेपरात माझे परिच्छेद दिसू लागले, स्वल्पविरामासकट. नाव मात्र 'प्रतिनिधी'. फोन केला तर तिथला उपसंपादक म्हणतो, "काका, नेटवरचं सगळ्यांचंच असतं हो." मग मी सापळा लावला. लिंबू-आलं विकणाऱ्या मावशींवर लिहिताना मधेच एक खोटं वाक्य घातलं: गाळा दर बुधवारी बंद. मावशींनी तीस वर्षांत बुधवार चुकवलेला नाही. रविवारच्या पुरवणीत ते वाक्य जसंच्या तसं आलं. कात्रण जपून ठेवलं. लगेच बभ्रा केला नाही; दुरुस्ती छापतात का, ते पाहत पंधरा दिवस थांबलो.

मग कात्रण खिशात घालून मंडईत गेलो. मावशी म्हणाल्या, "या लेखक! मी बुधवारी नसते म्हणे." दोन खानावळवाले बुधवारची लिंबं दुसरीकडून घ्यायला लागले होते, आणि आता रोजचीच तिकडून घेतात. "मी समोर बसलेय, तरी माणसं पेपर खरा मानतात. कुणी लिहिलं हो हे?"

"पेपरवाले," मी म्हणालो. "जाऊन पाहतंय कोण हल्ली?"

तुमचंच वाक्य, सर. कात्रण खिशातच राहिलं.

घरी येऊन ब्लॉगवरचं ते वाक्य पुसलं. तिथे खाडाखोड दिसत नाही. आता कुणी पडताळलं, तर खोटं फक्त पेपरात सापडेल.

हे पत्र कुठेच टाकायचं नाही, म्हणून यातलं काही पुसलेलं नाही. आणखी एक. लिंबं मी हल्ली घराजवळच्या दुकानातून घेतो.