जॉर्जचा पहिला घर

४ फेब्रुवारी १९८९
जॉर्जने आज नोकरी सोडली. कोट्टायमहून नवीन पनवेलच्या इमारतींचे नकाशे काढायला आला, माझ्याशी लग्न करून इथलाच झाला. पण सगळ्या इमारती एकाच साच्यातल्या. कंटाळला. चहा घेताना म्हणाला, "सुधा, आता मी माझा घर बांधणार."
"माझं घर," मी दुरुस्त केलं.
"हो, तुझा पण."
आता भिस्त माझ्या शाळेच्या पगारावर. असो.

२२ एप्रिल
एका बिल्डरकडे गेला होता. स्वयंपाकघराला मोठी खिडकी काढली म्हणून नकाशा परत. "जॉर्जभाई, खिडकी विकता येत नाही." घरी येऊन जेवला. आमटीत मुद्दाम खोबरं जास्त घातलं होतं. लक्षातही आलं नाही.

९ ऑगस्ट
अर्धं न. पनवेल गळतंय. जॉ. लुंगी वर खोचून लोकांच्या गच्च्यांवर. शेजारी 'गळतीवाले जॉर्ज' म्हणतात. मला राग आला. तो म्हणतो, नाव तर झाला!

१४ नोव्हेंबर १९९०
मासळीवाल्या हिराबाई, गव्हाणच्या. दारात बोईट साफ करता करता जॉ.ला म्हणाल्या, "आमचा घर बांधशील का? पोराचा लगीन हाय." त्याच्या आधी मीच हो म्हटलं.

२ डिसेंबर
गव्हाणला गेलो. घराच्या मधोमध उघडा चौक, आईच्या कोट्टायमच्या घरासारखा, असा जॉ.चा हट्ट. हिराबाई: "घराला भोक कशाला? पावसाचा पानी घरान घेऊ?" कडाक्याचं भांडण. गंमत म्हणजे तिथे 'माझा घर' कुणालाच खटकत नाही. सगळेच तसं बोलतात. चुकीची मी एकटीच.

१० डिसें.
चौक गेला. त्याऐवजी पुढे ऐसपैस ओटा. खोडताना रडवेला झाला होता. ओटा काढायला लागल्यावर शीळ.

६ मे १९९१
वाण्याकडे जॉ.च्या भावाचा फोन. अम्मची, म्हणजे सासूबाई, न्हाणीत पडल्या, खुबा मोडला. यापुढे एकट्या राहू शकणार नाहीत. "इकडेच ये, इथे काम भरपूर." जॉ. विचारतो, "तू येशील?" माझी शाळा. जवळच मोरा गावी माझे आई-बाबा.

१९ मे
गव्हाणला घरभरणी. हिराबाईंनी जॉ.ला नवऱ्यामुलाशेजारी बसवलं. "यो घर आमचे जॉर्जनी बांधला!" पाहुण्यांपैकी दोघांनी आपापली जागा बघायला बोलावलंय. जॉ. ओट्याच्या कठड्यावरून हात फिरवत होता. सारखा.

२० मे
"अम्मचींनाच इकडे आणूया?" मी विचारलं. तो मोजायची टेप घेऊन मागच्या खोलीत. आईची शिसवी खाट दारातून जाणार नाही म्हणतो, चौकट काढावी लागेल. घर भाड्याचं, मालकाला विचारायचंय.
सासूबाईंना तर अजून कुणीच विचारलेलं नाही.