नऊ पेनांची पिशवी

मास्तरीणबाई,

तू आंघोळीहून येशील तोवर मी निघून गेलेलो असेन. तोंडावर सांगायचं धाडस होत नाही. आधी एक कर. शाळेत गेल्या गेल्या मोठ्या बाईंना गाठ आणि काल दिलेला राजीनामा परत माग. त्यांनी तो वर पाठवायच्या आत.

आपलं परदेशाचं फिसकटल्यातच जमा आहे. कंपनीने तिकडच्या शाखेत मॅनेजर म्हणून नेमलंय खरं, पण तो व्हिसा मिळायला गेलं वर्षभर हाताखाली खरोखर माणसं असावी लागतात. माझी नऊही माणसं चौदा महिन्यांपूर्वी दुसऱ्या विभागात गेली. दारावरची पाटी तेवढी राहिली. रोज जेवताना "आज पोरांनी डोकं खाल्लं" म्हणायचो, ती निव्वळ थाप होती. आधी लाज वाटली म्हणून बोललो नाही, मग सवयच लागली.

अर्जातही मी ती नऊ नावं ठोकून दिली. अकरा वाजता वकीलबाई तो पुढे धाडणार आहेत. त्याआधी जाऊन नावं खोडतो. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

शेजारचे फ्रीज न्यायला आले तर देऊ नकोस.

माझ्या माणसांना निरोपाची भेट म्हणून तू एकेकाचं नाव कोरून पेनं करून आणलीस. पिशवी टेबलावरच ठेवलीय. त्यातल्याच एकाने हे लिहितोय. चांगलं उठतं.