न नेलेल्या कपड्यांतलं नाव

४ फेब्रुवारी

कादंबरी घेतली! छापणार! आणि संपादकबाईंनी फोनवर पहिलं काय विचारावं — "लेखिकेचं नाव काय टाकायचं?" मी गार. आमच्या लॉन्ड्रीच्या गल्ल्यावर शेजारी दादा, समोर एक बाई पडद्यांचं बोचकं घेऊन उभी. "कळवते," म्हटलं आणि फोन ठेवला.

"कोण होतं गं?"

"पडद्यांना किती दिवस लागतात विचारत होते."

खोटं किती झटकन सुचतं. खरं लिहायला चार वर्षं लागली.

५ फेब्रुवारी

माझं नाव टाकता येणार नाही. पुस्तकातला भाऊ लॉन्ड्री चालवतो. बॉयलर फुटून त्याचे वडील जातात, त्याच्या उजव्या हाताची बोटं आखडतात, तो कॉलेज सोडतो आणि बहिणीला शिकवतो. यात कल्पनेतलं काय? बहिणीचा राग. तोही नाही खरं तर.

मला कॉलेजात घालताना दादा म्हणाला होता, "शीक. दोघांचं शीक." तेव्हापासून मी दोघांचं पास होतेय. त्याला पेन धरता येत नाही, म्हणून पावत्या मी लिहिते. कपड्यांवर नंबर मी घालते. तो कधीच कशाला नको म्हणत नाही. नको म्हणाला असता तर भांडून निघून तरी गेले असते!

९ फेब्रुवारी

संपादकबाईंना म्हटलं, नावच नको. कपड्यावर घालतो तसा नुसता नंबर टाका — तीनशे सहा.

"लॉजची खोली वाटते."

"प्रयोग आहे, बाई."

"प्रयोग आत करा. कव्हरवर माणूस लागतो."

फुलांची नावं, नद्यांची नावं लिहून पाहिली. सगळी साबणाच्या वडीवर शोभतील अशी. एक तर मोठ्याने म्हणून पाहिलं, तर इस्त्रीवाले काका तिकडून — "कोण आलंय?" कुणी नाही, काका. अजून कुणीच नाही.

१३ फेब्रुवारी

मिळालं!

मागच्या खोलीत न नेलेल्या कपड्यांचा दांडा आहे. दादाचा नियम — वर्ष झालं तरी टाकायचं नाही, माणूस येईल. तीन वर्षं लटकलेला एक हिरवा कोट, एक जरीचं पातळ. दोन्ही पावत्या माझ्याच हातच्या. एकीचं नाव घेतलं, दुसरीचं आडनाव. दोघी जणी दारातून बाहेर पडल्या आणि परत आल्याच नाहीत. मला असंच नाव पाहिजे होतं!

इथे लिहीत नाही. वही सापडली तर?

२० फेब्रुवारी

मेले. मेलेच मी.

प्रुफं आली म्हणून कादंबरीची जुनी, माझ्या हातची प्रत खालच्या फळीवर ठेवली होती. काकांनी पाठकोरे कागद समजून घड्या घालताना शर्टांच्या पोटात घातली! "कडक राहतात गं कॉलर, चांगला कागद होता." सतरा शर्ट. सगळे घरोघर पोचले.

काकांना ओरडताही येईना. "कागद कुणाचे होते?" त्यांनी विचारलं तर काय सांगू?

२३ फेब्रुवारी

रिटायर मास्तर आले, आपल्या दोन शर्टांमधली पानं घेऊन. मी मागे नंबर घालत होते. गल्ल्यावर दादा.

"अहो, याच्या पुढचं कुठाय? बहीण उंबऱ्यात उभी आहे आणि पान संपलं!"

दादाने पानं घेतली. वाफेचा आवाज थांबला होता, म्हणून सगळं ऐकू येत होतं. त्याने एकेक पान उलटलेलंही. मग म्हणाला, "रद्दीतलं असेल, मास्तर. बघतो."

जेवताना मला काही विचारलं नाही. भाजी आणखी वाढली फक्त.

२४ फेब्रुवारी

आजही नाही.

११ मार्च

संपादकबाई म्हणतात, आमच्याकडे या. प्रुफं बघा, दुसरी लिहा, राहायला वरची खोली आहे. दुसऱ्या शहरात! जूनअखेर कळवा.

हो म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "पावत्या कोण लिहील?" बाईंना काही कळलं नाही. बरं झालं.

२ एप्रिल

आज सांगणारच होते. दादा बॉयलरची झडप बघत होता. बाबा गेल्यापासून रोज तीनदा बघतो, मला जवळ येऊ देत नाही. मी दारातच उभी. "काय गं?" "काही नाही." स्वतःच्या पुस्तकातल्या त्या बयेला मी दोनशे पानं भित्री म्हणून झोडपलंय!

६ जून

पुस्तक आलं. काकांच्या इस्त्रीच्या टेबलाखाली बसून उघडलं. कव्हरवर ती दोन बायकांची एक बाई. छान दिसते. तिचा हेवा वाटला. तिच्या घरी कुणी वाट बघत नसणार.

१७ जून

मास्तरांनी घात केला. पुस्तक विकत घेऊन सरळ गल्ल्यावर. "घ्या, पुढचं सापडलं! लॉन्ड्रीचीच गोष्ट आहे, वाचा." दादाने घेतलं. दुपारभर गिऱ्हाईक आलं की पालथं घालायचा, गेलं की पुन्हा उघडायचा. मी सोळा कपड्यांवर चुकीचे नंबर घातले.

१८ जून

सत्तावीस पानं राहिलीत त्याची. मी मोजतेय.

१९ जून

दुकान उघडल्या उघडल्या दादा म्हणाला, "कागद घे. त्या पुस्तक लिहिणाऱ्या बाईंना पत्र लिहायचंय." मी घेतला. तो सांगत गेला —

"बाई, पुस्तक वाचलं. भाऊ तुम्हाला नीट कळला नाही, असू दे. पण शेवटपर्यंत तिला उंबऱ्यातच का ठेवलीत? तो वाट बघत होता, ही कधी विचारते म्हणून. आपणहून जा म्हटलं तर हाकलल्यासारखं होईल, असं त्याला वाटत होतं. इकडचं तो बघेल. तिला जायला सांगा."

सहीसाठी कागद पुढे केला. म्हणाला, "सही कशाला? तुझ्याकडेच ठेव."