तिसरी किडनी पोटात पुढच्या बाजूस असल्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
एमआरआय व सोनोग्राफी विभाग,
सार्वजनिक रुग्णालय, तळमजला.

विषय : मुलीला बसवलेल्या किडनीच्या रक्तवाहिनीचे चित्र, डाय न टोचता, योग्य जागेवरून पुन्हा काढून मिळणेबाबत.
संदर्भ : खिडकी क्रमांक चारवर मिळालेली तोंडी उत्तरे.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करते, की माझ्या सात वर्षांच्या मुलीला गेल्या वर्षी माझी एक किडनी बसवली आहे. तिच्या मूळच्या दोन निकामी किडन्या काढलेल्या नाहीत. त्या पाठीकडे तशाच आहेत. माझी तिच्या पोटात पुढे, उजवीकडे खाली आहे. हात ठेवला तर लागते. झोपताना ती माझा हात तिथे ओढून घेते.

सध्या तिचा रक्तदाब औषधांना जुमानत नाही. जिथे शिवून जोडले तिथे रक्तवाहिनी आवळली असावी, अशी किडनीच्या डॉक्टरांना शंका आहे. सोनोग्राफीत नीट दिसले नाही. आवळलेली जागा वेळेत दिसली तर फुगा घालून वाहिनी रुंद करता येते. नाही तर किडनी सुकत जाईल. चित्र उजळ दिसावे म्हणून शिरेत टोचतात तो डाय तिला सोसेलच असे नाही, म्हणून त्यांनी बिनडायची एमआरआय लिहून दिली. तीत वाहते रक्तच उजळ दिसते; रुग्णाने फक्त हलायचे नाही. त्याचा सराव म्हणून मुलगी घरी जेवणाच्या टेबलाखाली पुतळा होऊन पडत असे. धाकट्या भावाने गुदगुल्या केल्या तरी हलली नाही.

परंतु तपासणीत चित्र पाठीकडच्या किडन्यांचे निघाले. माझ्या पोटात ऑपरेशनच्या धातूच्या क्लिपा असल्याने मला आत सोडले नव्हते. तिने मशिनवरच्या काकांना सांगितले, "काका, माझी पुढे आहे." ते हसून म्हणाले, "तुझं सगळंच उलटं का गं? किडनी पाठीतच असते." त्यांना दोष देत नाही, रांग जिन्यापर्यंत होती. अहवाल आला : दोन्ही किडन्या आकसलेल्या, रक्तप्रवाह जवळजवळ नाही. अहवाल खरा आहे, महोदय. त्या मेलेल्याच आहेत.

खिडकी चारवर सांगण्यात आले, की संगणकात डावी आणि उजवी एवढेच आहे, तिसरी घालता येत नाही. उजवीत घाला म्हटले, तर उजवी मेल्याचे आधीच चढले आहे आणि मेलेल्या किडनीची फेरतपासणी होत नाही. पुढच्या खेपेला तिथल्या बाईंनी शोधून काढले, की ती किडनी अजून दात्याच्या, म्हणजे माझ्या नावावर आहे. रुग्ण म्हणून मीच अर्ज करावा. केला. तारीख मिळाली ती माझ्या पोटाची. तिथे आता नुसता व्रण आहे, हे निदर्शनास आणले असता बाई म्हणाल्या, "मग किडनी हजर करा."

मुलीला डाय टोचून सबंध पोटाची तपासणी करून घेणार असाल तर लगेच आत घेतो, असेही खिडकीवर सुचवले. मी नाही म्हटले. त्यावर 'पालकांचा तपासणीस नकार' अशी नोंद झाली आहे, ती कृपया खोडावी. माझा नकार सुईतल्या औषधाला आहे, मुलीला वाचवण्याला नाही.

दरम्यान तिचे पाय सुजले आहेत. लघवी कमी झाली आहे. डॉक्टर म्हणतात, आठवडा हातात आहे, पंधरवडा नाही. माझ्याकडे उरलेली एक मला देता येत नाही, विचारून पाहिले.

तरी, कार्यालयाच्या लेखी किडनी माझीच असेल, तर तपासणी माझ्याच नावाने, मिळालेल्या तारखेस, म्हणजे आज करावी. सांगितल्याप्रमाणे किडनी हजर करत आहे. ती ज्या पोटात आहे तेवढे पोट मशिनमध्ये घ्यावे, ही विनंती.

मुलीचा डोळा लागला तेवढ्यात हे लिहिले आहे. अक्षर सांभाळून घ्यावे.

आपली नम्र,
(सही)
दाता, तसेच रुग्णाची आई

दिनांक : तपासणीचाच

सोबत : १) डॉक्टरांची चिठ्ठी २) आधीचा अहवाल ३) मुलगी (बाहेर बाकावर)