पूर्ण तपासणी

श्रीयुत हॅचर यांस,

बलात्कार झालेल्या बाईच्या तपासणीचे पैसे रुग्णालयाला सरकार देतं, म्हणजे तुमची सही देते. मार्चमध्ये ट्रकवाल्यांच्या हॉटेलात वाढायला असणारी विनोना आमच्याकडे आली होती. मी नमुने घेत असताना ती मध्येच म्हणाली, "बास, थांबा." मी थांबले. तुम्ही बिल परत पाठवलंत: तपासणी अपूर्ण, पैसे नामंजूर.

आमचे साहेब माझ्यावर उखडले. "अगं लोर्ना, जरा गोड बोलून उरकायचं ना! असंच चाललं तर हा विभाग बंद करीन. मग जाऊ देत सगळ्या बायका पार लांब डेन्व्हरपर्यंत गाडी हाकत."

काल एक कॉलेजातली मुलगी आली. तीही म्हणाली, "थांबा ना." मी म्हटलं, "झालंच हं बाळा, थोडंच राहिलंय," आणि थांबले नाही. ती छताकडे बघत पडून राहिली. कपडे घालताना एवढंच म्हणाली, "तोही असंच म्हणत होता."

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. बिल मात्र सकाळीच पाठवलंय. या वेळी तपासणी पूर्ण आहे.

तुमच्या नियमात बसलेली,
लोर्ना टिल्मन, परिचारिका