शिक्का नंबर बेचाळीस

जबलपूर,
रविवार, १२ डिसेंबर १९६५

चि. श्रीरंग यास,

दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व बरे आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

तुला नागपुरात तपासनिसाची नोकरी लागली, तर तुझ्या वहिनीनं बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून पेढे आणून सगळ्या क्वार्टरांत वाटले. तू विचारलंस, "दादा, पहिल्या दिवशी काय लक्षात ठेवू?" ऐक. बूट घट्ट बांध. जुन्या कारागिराला 'जी' म्हण, त्याच्यासंगं चहा पी. आणि तुझ्या नंबरचा शिक्का कोणाच्या हाती देऊ नको. सख्खा बाप मागेल तरी नाही.

काहून, ते सांगतो. आमच्या कारखान्यात तोफगोळ्याचा एकेक भाग मापाचा गेज लावून पाहायचा, मगच शिक्का मारायचा. सप्टेंबरात लढाई पेटली, डबल शिफ्टा लागल्या. कोणी चहाला उठला की शेजारचा त्याचा शिक्का घेऊन काम ओढायचा. चलता है! माझा बेचाळीस नंबर शेजारच्या दिवाकरनं कितीदा वापरला असेल. मग एका पेटीतला माल चाचणीत फुटला. कुंडम गावाकडच्या मजुराची दोन बोटं गेली. मालावर शिक्का बेचाळीस.

चौकशीत मी म्हटलं, शिक्का दिवाकरकडे होता. तो सस्पेंड झाला. काल घरी आला अन् दारातच रडला. "नीळूभैया, मला तर आठवूनच नाही राहिलं, पण माझ्याच हातून झालं असेल. तुमचं नाव खराब केलं मी." तुझ्या वहिनीनं त्याला चहा दिला. मी नालायकानं नुसती मुंडी हलवली.

श्रीरंग, ती पेटी मीच पास केली रे. डोळे मिटत होते, गेज खिशातच होता, धडाधड शिक्के मारले. मला चांगलं आठवते.

उद्या शेवटची जबानी. खरं बोललो तर नोकरी जाईल, क्वार्टर जाईल. सातव्या महिन्यात तुझी वहिनी कुठे जाईल? नाही बोललो तर दिवाकर बुडतो. जीव नुसता जळून राहिला. माझ्या जिभेचा मला भरवसा नाही, ती एकदा फिरली आहे. म्हणून हे पत्र आत्ताच टपालपेटीत टाकतो. टाकलं की परत काढता येत नाही. गुरुवारपर्यंत 'खरं बोललो' अशी माझी तार नाही आली, तर हे घेऊन इथे ये आणि चौकशीच्या साहेबांपुढे ठेव.

ही तुझी पहिली तपासणी. भाऊ आहे म्हणून मला न पाहता पास करू नको.

तुझा दादा,
नीलकंठ
शिक्का नं. ४२